रांग नव्हतीच, तर मोडली कोणी?

"आम्ही कायद्याने, रांगेत उभे राहून आलो आणि इथे मिसळूनही गेलो." अमेरिकेत स्थलांतराचा विषय निघाला की युरोपीय वंशाची माणसं हे हमखास ऐकवतात. आता न्यू जर्सीतल्या मराठी दिवाणखान्यांतही ते ऐकू येतं. दाव्याची शहानिशा करणं सोपं आहे. घराणं कुठून आणि कोणत्या साली आलं ते विचारायचं आणि त्या साली कायदा काय होता ते पाहायचं.

घराणं युरोपातलं आणि साल पहिल्या महायुद्धाआधीचं असेल, तर रांग फार तर न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरच्या तपासणी केंद्राच्या जिन्याची. व्हिसा नव्हता, कोटा नव्हता. बोटीच्या यादीतले २९ प्रश्न, पापणी उलटून खुपऱ्या आहेत का ते पाहणं, शंका आली तर कपड्यांवर खडूची खूण. सगळं ठीक असेल तर काही तासांत सुटका. परत पाठवलेले शेकडा दोनच्या आसपास. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची तपासणी बोटीवरच उरकायची. १९१७ साली वाचता येण्याची अट आली. तीही तीस-चाळीस शब्दांचा उतारा, स्वतःच्या भाषेत. इंग्रजीत नव्हे!

आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्कला उतरल्या, त्यांनाही व्हिसा लागला नव्हता. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी चिनी मजुरांना दार बंद झालं होतं. १९१७ च्या कायद्याने ती बंदी हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या पट्ट्यावर पसरली. विद्यार्थी, प्रवासी वगैरेंना सूट होती. मजुरीला येणाऱ्याला नाही.

आता 'मिसळण्या'चं. १७९० पासून नागरिकत्व फक्त 'मुक्त गोऱ्या' माणसाला मिळायचं. १८७० मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. जपानमध्ये जन्मलेले ताकाओ ओझावा वीस वर्षं अमेरिकी भूमीवर राहिलेले. कॅलिफोर्नियात शिकलेले, घरात इंग्रजी, मुलं अमेरिकी शाळेत आणि चर्चमध्ये. सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्ये त्यांची लायकी मान्य केली आणि अर्ज फेटाळला, कारण ते गोरे नव्हते. म्हणजे पूर्ण मिसळूनही उपयोग शून्य.

तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, भगतसिंग थिंड यांचा निकाल लागला. थिंड अमेरिकी सैन्यात होते. आपण उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरेच, हा त्यांचा युक्तिवाद. (वंशभेदाच्या दारात जातीचा दाखला पुढे करायचा, हेही आपल्या इतिहासातलंच पान.) न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं त्याचा आशय असा: युरोपीयांची मुलं लवकर मिसळून जातात, हिंदूंच्या मुलांवर मात्र वंशाची खूण कायम दिसत राहते. 'हिंदू' म्हणजे त्या काळी सगळेच हिंदुस्थानी. थिंड स्वतः शीख. निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक हिंदुस्थान्यांचं नागरिकत्व सरकारने काढून घेतलं. कॅलिफोर्नियात नागरिकत्वाला अपात्र परकीयांना शेतजमीन घेण्याची बंदी होती, त्यामुळे जमिनीही धोक्यात आल्या.

हिंदुस्थान्यांना नागरिकत्वाचा हक्क १९४६ मध्ये मिळाला, सोबत वर्षाला १०० जणांचा कोटा. खरं दार उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने. नवी पद्धत १ जुलै १९६८ पासून पूर्णपणे लागू झाली आणि डॉक्टर-इंजिनिअरांची मराठी पिढी त्यानंतर गेली. त्या कायद्यामागे काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीचा मोठा रेटा होता. दिवाणखान्यातल्या गप्पांत त्याचा उल्लेख क्वचितच येतो.

आणखी एक कलम तर कुणालाच आठवत नाही. त्याआधी मेक्सिको आणि शेजारच्या देशांतून येणाऱ्यांवर संख्येची मर्यादाच नव्हती. मेक्सिकन शेतमजुरांना हंगामापुरतं आणणारा ब्रासेरो करार १९६४ अखेर संपला. पाठोपाठ ज्या कायद्याने आपल्याला दार उघडलं, त्यानेच पश्चिम गोलार्धावर, म्हणजे उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या देशांवर, पहिल्यांदा वर्षाला १,२०,००० ची मर्यादा घातली. शेतांतलं काम होतं तसंच राहिलं. तीच माणसं त्याच शेतांवर येत राहिली, फक्त आता कागदाशिवाय.