तुम्ही विचारलेत म्हणून: पुण्याला का गेलो नाही

इंटरनेट नवे होते तेव्हापासून तुम्ही वेबसाइट करता, मग पुण्याला जाऊन कंपनी का काढली नाहीत, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतही चुकत नाही. आईवडील, स्वतःचे घर ही उत्तरे मी आजवर देत आलो आणि ती खोटी नाहीत. पण तेवढ्याने तुमचे समाधान होत नाही, आणि खरे तर माझेही होत नाही.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुले केले, तरी सोलापुरातून इंटरनेटला जोडायला आम्ही फोनवरून पुण्याचा नंबर फिरवत असू आणि एसटीडीचे, म्हणजे परगावच्या कॉलचे, बिल भरत असू. पुढे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराची वेबसाइट मी केली, मराठी पानासकट. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. पाहणाऱ्याच्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, तर मजकुराऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता कचरा दिसे. फॉन्ट आधी उतरवून घ्या, अशी सूचना मी पानाच्या माथ्यावर दिली होती. मालकांनी ती न वाचताच मुंबईच्या व्याह्यांकडे पान उघडले आणि तिथूनच फोन केला, "चार माणसांत माझी शोभा केलीत!" मराठी मजकुराची चित्रे करून लावा, असा त्यांचा हुकूम झाला. मी नकार दिला. सेकंदाला २८.८ किलोबिट वेगाच्या मोडेमवर १०० केबीचे चित्र उतरायला अर्धा मिनिट लागे आणि चित्रातला मजकूर कुणाला शोधता येत नसे. अर्थात फॉन्टमधला तरी कुठे धड शोधता येत होता, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. काम पुण्याच्या एका कंपनीकडे गेले, माझा शेवटचा हप्ता बुडाला आणि महिन्याभरात त्याच कंपनीने मला नोकरीसाठी बोलावले.

मी गेलो नाही. तो स्वाभिमान होता, असे तेव्हाचा मी छातीठोकपणे सांगत असे. आता वाटते, त्यात रागच अधिक असावा. पण पगारासाठी तीच चित्रे मी रोज कापत बसायला हवी होती का? प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोडने पुढे तो फॉन्टचा प्रश्न मिटवला खरा, पण तोवर माझी बरीच गिऱ्हाइके गेली होती. पुण्यात स्थिरावलेले मित्र म्हणतात, तिथेही तू हीच हुज्जत घातली असतीस, फक्त मोठ्या गिऱ्हाइकांशी. मला ते पटत नाही. तिथे गिऱ्हाइकाच्या आधी साहेबाशीच घालावी लागली असती.