चिन्हाखाली चिन्ह, पण ते शेवटी

दशांश चिन्ह आलं की वजाबाकीत पक्की असलेली मुलंही गडबडतात. पालक म्हणतात, "हातच्याची वजाबाकी येते हो हिला, मग हेच का जमत नाही?" खरं तर तिला जी वजाबाकी येते, तीच इथे आडवी येते. पहिलीपासून आम्हीच सांगितलेलं असतं की संख्या उजवीकडून जुळवून मांडा. पूर्ण संख्या एककावर संपते, त्यामुळे उजवी कड जुळली की एककाखाली एकक आपसूक येतो. वर्षानुवर्षं हे कधी चुकत नाही. मग एक दिवस फळ्यावर ७.४ − २.३६ येतं, आणि मूल इमानेइतबारे ४ च्या खाली ६ मांडतं.

यावर सगळीकडे एकच औषध: चिन्हाखाली चिन्ह. औषध लागू पडतं, नाही असं नाही. पण मी ते शेवटी देते. आधी दिलं की मुलं टिंबं तेवढी जुळवतात आणि टिंबाच्या दोन्ही बाजूंना काय बसलंय ते बघतच नाहीत.

आधी प्रत्येक अंकाचं घर ठरलं पाहिजे. माझ्या वर्गात पहिले काही दिवस 'दोन पॉइंट छत्तीस' चालत नाही. दोन एकक, तीन दशांश, सहा शतांश. मुलं वैतागतात, पण छत्तीस म्हटलं की ते चारापेक्षा मोठं वाटणारच. सायमन स्टेविनने १५८५ साली दशांश अपूर्णांकांवर छोटी पुस्तिका छापली, तेव्हा त्याने टिंब वापरलंच नव्हतं. प्रत्येक अंकापाशी तो वर्तुळात एक आकडा लिही: एककाला ०, दशांशाला १, शतांशाला २. लिहायला किचकट, म्हणून ती पद्धत मागे पडली. पण नव्याने शिकणाऱ्यासाठी मला ती आजच्या टिंबापेक्षा बरी वाटते. म्हणून मी मुलांना अंकांच्या डोक्यावर बारीक पेन्सिलीने तसंच लिहायला लावते. १ च्या खाली १, २ च्या खाली २ आलं की टिंबाखाली टिंब आलेलंच असतं, वेगळं सांगावं लागत नाही.

मग लांब उडी. बॉब बीमनने १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये ८.९० मीटर उडी मारली. तो विक्रम मोडायला १९९१ उजाडलं. टोकियोत माईक पॉवेलने ८.९५ मीटर मारली. मी फळ्यावर मुद्दाम शेवटचं शून्य गाळून लिहिते: ८.९५ आणि ८.९. पॉवेल किती पुढे गेला?

"शून्य पॉइंट शहाऐंशी!" हे उत्तर येतंच. पंचाण्णवातून नऊ गेले, शहाऐंशी उरले, हिशोब चोख. मी काही बोलत नाही, मीटर पट्टी पुढे करते आणि म्हणते, दाखव बरं जमिनीवर. यंदा एका मुलाने शहाऐंशी सेंटिमीटर मोजून खडूने रेघ मारली, मागे सरून तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, एवढ्याने कोण विक्रम मोडतं?" मग त्यानेच पट्टीवर ८.९ मधले ९ कुठे येतात ते शोधलं. ते नव्वद सेंटिमीटरवर होते. उरले पाच. ०.०५ मीटर, म्हणजे त्याच्या करंगळीएवढं अंतर. पुसून टाकायला सांगितलं तरी ती लांब रेघ बराच वेळ तशीच होती, कारण बाकीच्यांना तिच्यावरून उड्या मारायच्या होत्या.

आता ७.४ − २.३६ कडे. मांडणी बरोबर झाली तरी शतांशाच्या घरात वर काहीच नाही, खाली ६. मुलं काय करतात? ६ सरळ उतरवतात. 'वर कोणी नाही, मग सहा तसेच.' उत्तर ५.१६. हे फार मोहक आहे, कारण बेरजेत तसं केलेलं चालतं. शून्य लिहा म्हटलं की लिहितात, पण का लिहायचं ते कळायला मला कातरी लागते.

चौकटीच्या वहीतून दहा बाय दहाचे चौकोन कापून घ्यायचे. अख्खा चौकोन म्हणजे एक, त्याची उभी पट्टी म्हणजे दशांश, एक घर म्हणजे शतांश. समोर सात चौकोन, चार पट्ट्या. यातून मला दोन चौकोन, तीन पट्ट्या आणि सहा सुटी घरं द्या. सुटी घरं नाहीत! मग कोणीतरी एक पट्टी उचलतं आणि तिची दहा घरं कापतं. एवढाच काय तो हातचा. दहातली सहा गेली, चार उरली. तीन पट्ट्यांतून तीन गेल्या. सातातून दोन गेले, पाच उरले.

आणि इथेच पुढची चूक घडते. बाकावर पाच चौकोन आणि चार घरं दिसतात, म्हणून वहीत ५.४ लिहिलं जातं. पट्ट्या एकही नाहीत हे दिसतं, पण 'नाहीत' हे लिहावं लागतं हे लक्षात येत नाही. मी चार पट्ट्या त्या चार घरांशेजारी ठेवते. लिहिलंय हे, उरलंय ते. मग कोणीतरी मधे शून्य घालतं: ५.०४.

दहाच घरं का, हा प्रश्न मुलं सहसा विचारत नाहीत, म्हणून मीच क्रिकेट काढते. वीस षटकांचा सामना, १४.३ षटकं झाली. किती राहिली? वर्गातली सगळ्यात कच्ची म्हणवली जाणारी मुलंही झटक्यात सांगतात: पाच षटकं, तीन चेंडू. मग २० − १४.३ वहीत करा म्हणते. येतात ५.७. जोरदार भांडण होतं. षटकात सात चेंडू कुठून आले? दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत हे ठरायला बराच वेळ जातो, आणि तो मी जाऊ देते. षटक मोडलं की सहा चेंडू, एकक मोडला की दहा दशांश. धावफलकावरचं टिंब हे दशांश चिन्ह नव्हेच, पण त्याच्यामुळे हातचा घेताना आपण काय मोडतोय याकडे मुलांचं लक्ष जातं. एकदा तर एकीने विचारलं, मग दोन तास तीस मिनिटं २.३० लिहिली तर? तिचं अर्धं काम तिनेच केलं होतं.

१० − ३.४७ सारखी गणितं मात्र मला उभ्या मांडणीत करायला आवडत नाहीत. शून्यं खोडून नऊ, पुन्हा नऊ, मग दहा. वही चिखल होते. दोन्हीकडून एकेक शतांश काढा: ९.९९ − ३.४६. फरक तोच राहतो, हातचा लागतच नाही, उत्तर ६.५३. किंवा चढत जा: ३.४७ पासून ३.५ पर्यंत ०.०३, तिथून ४ पर्यंत ०.५, पुढे दहापर्यंत ६. घरी कोणी वेगळ्या रीतीने शिकवलं, वरच्याला दहा देऊन खालच्यात एक मिळवला, तरी माझी हरकत नसते. एकाच गणितात दोन रीती मिसळू नका, एवढंच.

उत्तराचा अंदाज आधी घ्यायला लावते, ते सगळेच शिक्षक करतात. पण त्यावर फार विसंबू नये. चुकीची सोडवलेली गणितं देऊन 'याने काय केलं असेल?' असं मी विचारते, त्यात हे एक असतं: ५.३ − २.१५ = ३.१२. अंदाजाला अगदी जवळचं, नजरेला खटकतही नाही. पाचातून दोन गेले तीन, पंधरातून तीन गेले बारा, असं झालंय ते. पकडायचं तर उलटी बेरीजच हवी: ३.१२ + २.१५ केले की ५.२७ येतात, आणि तीन शतांश कुठे गेले याचा शोध सुरू होतो.