तुम्ही विचारलंत म्हणून: प्युरिटनांच्या रोजनिशा कशासाठी वाचायच्या?

अमेरिकन साहित्याचा विषय निघाला की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो. एकोणिसाव्या शतकातल्या मेल्विल आणि व्हिटमन या लेखकांच्या आधीच्या दोनशे वर्षांत प्रवचने, रोजनिशा आणि स्तोत्रे यांखेरीज फारसे काही नाही, मग ते वाचायचे कशासाठी? माझे उत्तर असे की त्या लेखनामागचा एक विचार नीट समजून घेतला, तर त्या रोजनिशाच सर्वांत आधी वाचाव्याशा वाटतात.

१६३० च्या सुमारास इंग्लंडहून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये येऊन वसलेले प्युरिटन, म्हणजे चर्चची शुद्धी व्हावी असा आग्रह धरणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती, कॅल्व्हिन या धर्मसुधारकाची शिकवण मानणारे होते. कोणाचा उद्धार होणार हे ईश्वराने सृष्टीच्या आधीच ठरवले आहे आणि माणसाच्या सत्कर्मांनी तो निर्णय बदलत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. अशा श्रद्धेने माणूस हातपाय गाळून बसेल असे आपल्याला वाटते, पण घडले ते वेगळेच. आपल्यावर कृपा झाल्याची काही खूण दिसते का, हे शोधण्यासाठी ही माणसे रोज स्वतःचे मन तपासू लागली, पीक बुडाले किंवा मूल दगावले तर त्यातून ईश्वर काय सांगतो आहे याचा विचार करू लागली आणि ते सारे लिहून ठेवू लागली. चर्चचे पूर्ण सभासद होण्यासाठी आपल्या अंतःकरणात झालेल्या पालटाचे निवेदन मंडळीपुढे करावे लागे, आणि त्यातून घरकाम करणाऱ्या नोकरांचीही सुटका नसे. सामान्य माणसाच्या अंतर्मनाला इतके मोल देणारा समाज त्या काळात विरळाच होता, असे मला वाटते.

या तपासणीतून कविता कशी जन्मते, हे पाहायचे असेल तर ॲन ब्रॅडस्ट्रीट ही प्युरिटन कवयित्री वाचावी. जुलै १६६६ मध्ये तिचे घर जळाले, त्यावर तिने कविता लिहिली. ज्याने दिले त्यानेच नेले, ते घर माझे नव्हतेच, असे ती सुरुवातीला म्हणते, आणि कोणत्याही प्रवचनकाराचे एवढ्यावर समाधान झाले असते. पण नंतर त्या जागेवरून जाताना तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडे वळते. इथे मी बसत असे, इथे पेटी होती, आता या छपराखाली पाहुणा जेवणार नाही, मेणबत्ती उजळणार नाही, असे ती एकेक आठवत जाते. मग ती स्वतःच्या मनाला दटावते आणि आपला ठेवा स्वर्गात आहे असे म्हणून कविता संपवते. तिची श्रद्धा खरी आहे आणि त्या पेटीवरची मायाही खरी आहे. दोन्ही एकाच कवितेत मावतात, कारण मनात जे आहे ते न लपवता पाहण्याची शिस्त तिला धर्मानेच लावली होती.

अठराव्या शतकात ही सवय चर्चबाहेर पडली. बॉस्टनच्या प्युरिटन घरात १७०६ मध्ये जन्मलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने तेरा सद्गुणांची वही केली. तीत वारांचे रकाने आखून तो प्रत्येक चुकीपुढे काळा ठिपका देई. तपासणी तीच होती, पण उद्धाराची जागा आता सुधारणेने घेतली होती. हा बदल मोठा आहे, तरी फ्रँकलिनच्या वहीत ब्रॅडस्ट्रीटची घालमेल मला सापडत नाही.

ती सापडते फिलिस व्हीटली या कवयित्रीत, आणि तिथे या विचाराची खरी कसोटी लागते. सात-आठ वर्षांची असताना, १७६१ मध्ये, तिला आफ्रिकेतून आणून बॉस्टनमध्ये विकण्यात आले. १७७३ मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला प्रसिद्ध झाला. मालकांच्या घरात शिकलेला धर्म तिने मनापासून स्वीकारला, आणि त्याच धर्माच्या आधारे काळ्या माणसांचाही उद्धार होऊ शकतो याची ख्रिस्ती वाचकांना आठवण करून दिली. पुढच्या वर्षी सॅमसन ऑकम या मोहेगन (अमेरिकेतली एक मूलनिवासी जमात) धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात ती आणखी स्पष्ट बोलली: प्रत्येक मानवी हृदयात ईश्वराने स्वातंत्र्याची ओढ पेरली आहे आणि तिला जुलूम सोसवत नाही. ब्रिटिशांकडे स्वातंत्र्य मागत असतानाच गुलाम बाळगणाऱ्या अमेरिकन वसाहतवाल्यांच्या उक्ती आणि कृती यांतली विसंगतीही तिने त्याच पत्रात दाखवून दिली, आणि ते पत्र न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स ज्यात येते त्या ईशान्य अमेरिकेच्या, वृत्तपत्रांत छापून आले.