फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर नवी सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर: पहिला अनुभव आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

फिनिक्स शहराच्या उत्तर टोकाला, आय-१७ महामार्ग आणि केअरफ्री हायवे जिथे एकमेकांना मिळतात, तिथे बेन एव्हरी शूटिंग फॅसिलिटी हे सार्वजनिक नेमबाजी केंद्र आहे. ॲरिझोना राज्याचा गेम अँड फिश विभाग ते चालवतो. निवडुंगांच्या टेकड्यांच्या कुशीत पसरलेल्या या केंद्रावर रायफल, पिस्तूल, शॉटगन आणि धनुर्विद्या यांची वेगवेगळी मैदाने आहेत. एका मराठी मित्राने नुकतीच दोन नवी सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हर विकत घेतली होती आणि तिसरे त्याच्या परिचयातील एका जुन्या नेमबाजाने सोबत आणले होते, त्यामुळे जानेवारीतील एका शनिवारी आम्ही तिघे सकाळीच तिथे पोहोचलो. माझी पूर्वतयारी म्हणजे महाविद्यालयात असताना एनसीसीच्या शिबिरात चालवलेली पॉइंट २२ रायफल आणि पुढे काही वर्षे केलेला दहा मीटर एअर पिस्तुलाचा सराव. रिव्हॉल्व्हर मात्र मी पहिल्यांदाच हाती धरणार होतो.

वर्णनाकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्यापैकी अनेकजण एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असतात आणि भारतातून आलेले आईवडील व भावंडे पर्यटक व्हिसावर. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अशा तात्पुरत्या व्हिसावर देशात आलेल्या व्यक्तीला, काही ठरावीक अपवाद सोडता, बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे, आणि रेंजवर घटकाभर हातात धरणे हेसुद्धा बाळगण्यात मोडू शकते. कोणत्याही राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्यातील सर्वाधिक वापरला जाणारा अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू होत नाही. काउंटरवर कोणी विचारले नाही म्हणजे सगळे नियमात बसले, असे कृपया समजू नये, कारण चूक झाली तर तिचा परिणाम थेट इमिग्रेशनच्या कागदांवर होतो. शंका असल्यास आधी वकिलाला विचारावे आणि मगच जावे.

सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरमध्ये चाप एकच काम करतो, तो म्हणजे मागे ताणलेला घोडा (काडतुसावर ठोसा देणारा हॅमर) सोडणे. घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि त्या ओढण्यानेच सिलिंडर, म्हणजे काडतुसांची घरे असलेला गोल भाग, एक घर पुढे फिरतो. काडतुसे उजव्या बाजूच्या छोट्या झडपेतून, म्हणजे लोडिंग गेटमधून, एकेक करून भरायची असतात आणि रिकाम्या पुंगळ्याही नळीखालच्या दांडीने एकेक करूनच बाहेर ढकलायच्या असतात. हे सारे वाचताना संथ वाटते आणि प्रत्यक्षातही ते संथच आहे, परंतु नवशिक्याच्या दृष्टीने हाच या शस्त्राचा सर्वांत मोठा गुण आहे, असे माझे मत झाले. घोडा ओढला, नेम धरला, श्वास रोखला, चाप दाबला, आणि पुढची गोळी सोडायची तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. हाताला घाई करायला वावच मिळत नाही.

सुरुवात रुगर कंपनीच्या रँग्लरने केली. पॉइंट २२ एलआर (लाँग रायफल) काडतुसांचे, सहा घरांचे हे रिव्हॉल्व्हर २०१९ साली बाजारात आले. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चौकट असूनही त्याचे वजन सुमारे ८५० ग्रॅम आहे, त्यामुळे या लहान काडतुसाचा धक्का जवळपास जाणवतच नाही. चाप थोडा जड आहे, पण तो अचानक सुटत नाही. मागची नेमखूण म्हणजे चौकटीच्या माथ्यावर कोरलेली साधी पन्हळ आणि पुढे एक पाते, बस्स. एअर पिस्तुलाच्या रेखीव, हवी तशी सरकवता येणाऱ्या नेमखुणांची सवय असलेल्याला प्रथम हे फारच ओबडधोबड वाटते. तरी सात यार्डांवर, दोन्ही हातांनी धरून, तळहाताएवढ्या वर्तुळात गोळ्या बसू लागल्या, तेव्हा या साध्या पन्हळीबद्दल आदर वाटू लागला. गेट उघडे असताना सिलिंडर दोन्ही दिशांना मोकळा फिरतो, म्हणून एखादे घर चुकून पुढे गेले तर पूर्ण फेरा न मारता मागे आणता येते. ही सोय किती मोलाची आहे, हे भर उन्हात काडतुसांची पेटी रिकामी करताना कळते.

आता ज्या मुद्द्यासाठी हा वृत्तांत लिहावासा वाटला, तो सांगतो. दिसायला ही तिन्ही रिव्हॉल्व्हर सख्खी भावंडे वाटतात, पण आतल्या यंत्रणेत महत्त्वाचा फरक आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय एकही काडतूस भरू नये. १८७३ सालच्या कोल्ट कंपनीच्या मूळ रिव्हॉल्व्हरमध्ये, आणि त्याच्या हुबेहूब प्रतिकृतींमध्ये, भरण्यासाठी घोडा अर्ध्यावर ओढून अडकवावा लागतो. घोडा संथपणे मागे ओढला तर चार वेगवेगळे खटके ऐकू येतात. पारंपरिक घडणीत घोडा खाली टेकलेला असताना त्याची पिन (बार उडवणारे टोक) काडतुसाच्या बुडाशी भिडून राहते, त्यामुळे शस्त्र पडले किंवा घोड्यावर आघात झाला तर बार उडू शकतो. म्हणून जुनी रीत अशी की एक काडतूस भरायचे, एक घर सोडायचे, मग सलग चार भरायची, घोडा पूर्ण मागे ओढून नळी लक्ष्याच्या दिशेलाच ठेवत अंगठ्याने हलकेच खाली सोडायचा, आणि तो बरोबर रिकाम्या घरावर येतो. सहा घरांत पाचच काडतुसे. रुगर कंपनीने १९७३ मध्ये ही रचना बदलली. घोडा आणि पिन यांच्यामध्ये एक पट्टी आली, जी चाप पूर्ण दाबलेला असतानाच वर येऊन घोड्याचा ठोसा पिनपर्यंत पोहोचवते. या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याला हात न लावता नुसते गेट उघडले की सिलिंडर मोकळा होतो, खटके दोनच ऐकू येतात आणि सहाही घरे भरता येतात. उसने घेतलेले किंवा भाड्याचे शस्त्र हाती आले, तर ते रिकामे असल्याची खात्री करून आधी मालकाला विचारावे: चार खटक्यांचे की दोन?

दुसरे होते रुगर न्यू व्हाकेरो, पॉइंट ३५७ मॅग्नमचे, संपूर्ण स्टेनलेस स्टीलचे. यात पॉइंट ३८ स्पेशल काडतुसेही चालतात आणि पहिल्या दिवशी तीच वापरावीत, असा माझा आग्रह राहील. ती स्वस्त आणि सौम्य असतात. मॅग्नमचा आवाज छताखालच्या रांगेत छातीवर आदळतो आणि दोन-चार बारांनंतर मन पुढच्या धक्क्याच्या धास्तीने चाप दाबण्याआधीच मनगट खाली झुकवू लागते. ही खोड एकदा लागली की सुटायला महिने जातात.

तिसरे, इटलीच्या उबेर्ती कंपनीचे, पॉइंट ४५ कोल्टचे, जुन्या धाटणीचे रिव्हॉल्व्हर मला सर्वांत अधिक आवडले. निळसर काळी नळी, रंगीत ढगाळ छटांची चौकट आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ. ही मूठ नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली असते. ते वळण केवळ शोभेचे नाही. बार उडाला की मूठ तळहातात किंचित वर फिरते, धक्का मनगटात साठून न राहता वर निघून जातो आणि घोडा आपसूक अंगठ्याच्या टप्प्यात येतो. मी एअर पिस्तुलाच्या सवयीने मनगट ताठ ठेवले होते, तेव्हा शेजारी उभा असलेला मित्र म्हणाला, “अरे, मूठ आवळू नकोस, तिला फिरू दे.” करंगळी मुठीच्या खाली दुमडली आणि पकड सैल न करता हट्ट तेवढा सोडला, की सगळे सुरळीत झाले. गोळ्या मात्र नेमाच्या बऱ्याच वर लागत होत्या. स्थिर नेमखुणांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि संथ गोळी नळीत अधिक वेळ राहते, तोवर धक्क्याने नळी वर उचलली जाते, म्हणून ती वर लागते. हलक्या गोळीची पेटी उघडल्यावर नेम पुष्कळ खाली आला. नवे शस्त्र वाकडे मारते असा निष्कर्ष काढण्याआधी दोन-तीन वजनांच्या गोळ्या वापरून पाहाव्यात.

सुरक्षिततेच्या सर्वसाधारण नियमांखेरीज रिव्हॉल्व्हरचे काही खास नियम आहेत. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते आणि दर बाराला तिथून तप्त वायू व शिशाचे कण बाजूला फेकले जातात, म्हणून आधाराच्या हाताचे बोट सिलिंडरच्या पुढे कधीही जाऊ देऊ नये आणि शेजाऱ्यानेही चष्मा उतरवू नये. चाप दाबूनही बार उडाला नाही तर नळी समोरच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे. बार उडाला पण आवाज फुसका आला, तर पुढची गोळी मुळीच सोडू नये. शस्त्र रिकामे करून नळी मोकळी आहे ना ते पाहावे, कारण आधीची गोळी आत अडकलेली असू शकते. धक्क्यांनी पुंगळ्या काढणाऱ्या दांडीचा स्क्रू आणि सिलिंडरचा आस सैल होतो, त्यामुळे पेटीभर काडतुसे संपली की दोन्हींवर नजर टाकावी.

रेंजवर ‘सीझफायर’ची, म्हणजे गोळीबार थांबवण्याची, घोषणा झाली की शस्त्र रिकामे करून, गेट उघडे ठेवून टेबलावर ठेवायचे आणि रेषेच्या मागे यायचे. लोक पुढे लक्ष्यफलक बदलत असताना शस्त्राला, काडतुसांना किंवा बॅगेलाही हात लावायचा नाही. यात ढिलाई खपवून घेतली जात नाही आणि ते योग्यच आहे. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. उन्हाळ्यात तापमान चाळिशीच्या पार जाते. वेळा आणि सुट्टीचे दिवस निघण्यापूर्वी तपासावेत. कानांत बोळे आणि त्यांवर मफ असे दुहेरी संरक्षण घ्यावे. परतताना काही खाण्यापूर्वी हात थंड पाण्याने साबण लावून धुवावेत, आणि घरी लहान मुले असतील तर त्यांना जवळ घेण्याआधी कपडे बदलावेत, कारण शिशाची भुकटी कपड्यांवर बसते.

विकत घ्यायचे असेल तर पहिले रिव्हॉल्व्हर पॉइंट २२ चे घ्यावे. त्यावर हात बसला की पॉइंट ३५७ कडे जावे, आणि पॉइंट ४५ कोल्टचा मोह काडतुसांच्या किमती पाहूनच करावा. जुने रुगर मिळत असेल तर ते १९७३ पूर्वीचे आहे का, हे आवर्जून पाहावे. तशा रिव्हॉल्व्हरमध्ये कंपनी सुरक्षेची नवी यंत्रणा विनामूल्य बसवून देते. ज्यांना व्हिसामुळे शस्त्र हाती धरता येत नाही, त्यांनी हिवाळ्याच्या अखेरीस याच केंद्रावर भरणारी ‘विंटर रेंज’ ही काउबॉय नेमबाजीची राष्ट्रीय स्पर्धा पाहायला जावे. स्पर्धक तिथे दोन सिंगल-ॲक्शन रिव्हॉल्व्हरांतून प्रत्येकी पाच गोळ्या पोलादी फलकांवर काही क्षणांत सोडतात, आणि पट्टीची यंत्रणा असलेल्या रिव्हॉल्व्हरमध्येही घोडा रिकाम्या घरावरच ठेवण्याचा नियम पाळतात. पोलादावरून उसळणाऱ्या शिशाच्या कणांमुळे प्रेक्षकांनाही संरक्षक चष्मा लागतो, तो घरूनच न्यावा.