दुमजली बसमधल्या मॅडम

आपल्या मेडिकल कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिहा, असा निरोप आला आणि मेस, गॅदरिंग, ॲनाटॉमी सगळं मागे पडून पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, मॅडमच आठवल्या. नाव लिहायची गरज नाही, आपल्याकडे 'मॅडम' एकच.

पीएसएमचा तास जेवणानंतरचा, म्हणजे हक्काच्या झोपेचा. एकदा मॅडमनी आपल्या जुन्या गॅलरीचीच, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांच्या वर्गाचीच, दुमजली बस केली. एकाला टेबलामागे ड्रायव्हर म्हणून बसवलं आणि मला कंडक्टर. जर्नलच्या कागदाची तिकिटं फाडत, 'पुढे सरका' ओरडत मी त्या उंच पायऱ्या चढत-उतरत होतो. शर्ट घामानं चिंब. ड्रायव्हर मात्र पेंगत होता! मग मॅडम म्हणाल्या, लंडनच्या बसवाल्यांत जेरी मॉरिस या ब्रिटिश संशोधक डॉक्टरांनी १९५३ साली हेच दाखवलं. बसून गाडी हाकणाऱ्यांपेक्षा जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी.

मागून कुणीतरी विचारलं, "पण मॅडम, जाडी माणसंच ड्रायव्हर होत असतील तर?"

मॅडम इतक्या खूश झाल्या की पुढचं शिकवणंच थांबवलं. "मॉरिसनाही हीच शंका आली. त्यांनी काय केलं असेल? गुरुवारी सांगा."

कुणालाच सांगता आलं नाही. मॉरिसनी युनिफॉर्मची मापं काढून पाहिली होती. ड्रायव्हरांच्या पँटची कंबर तरुणपणापासूनच मोठी! मग दोष बैठ्या नोकरीचा किती आणि आधीच्या पोटाचा किती? कन्फाउंडिंग, म्हणजे एका कारणाच्या हिशेबात दुसरंच कारण मिसळणं, मला पुस्तकातून नव्हे, त्या पँटींमुळे कळलं. अमेरिकेतला फ्रेमिंगहॅमचा कोहोर्ट अभ्यासही (कोहोर्ट म्हणजे वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला एकच गट) त्यांनी असंच शिकवला: १९४८ पासून एका गावातल्या ५२०९ धडधाकट माणसांमागे डॉक्टर वर्षानुवर्षं का लागले, हे आधी आम्हाला ओळखायला लावून. पुढे हृदयविकार कुणाला होतो आणि त्यांच्यात आधीपासून काय वेगळं असतं, ते पाहायला! हल्लीच्या इंटर्न्सना विचारलं की 'फ्रेमिंगहॅम, कोहोर्ट, १९४८' एवढं एका दमात येतं. पुढे काही विचारलं की शांतता. एमसीक्यूत तेवढंच लागतं म्हणे.

आज मी जिल्ह्यात असंसर्गजन्य आजारांचं काम बघतो. तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं, तंबाखू सोडवायची, लोणचं-पापडाचं मीठ कमी करायला सांगायचं. बीपी वाढलेला माणूस म्हणतो, "मला तर काहीच होत नाही, गोळी कशाला?" तेव्हा मॅडमची आणि त्या ५२०९ धडधाकट माणसांची आठवण हटकून येते.

आशाताईंच्या प्रशिक्षणात मी एसटी घेऊन तोच खेळ करतो. परवा एका ताईंनी मला अडवलं, "साहेब, आमच्याकडची गाडी विनावाहक आहे. तिकडं काय मोजायचं?"



मॅडम, गुरुवारपर्यंत मुदत मागून घेतली आहे.