मागच्या कोऱ्या पानावरची एसटी

परवा रविवारी आमच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लादीवर पेपर पसरले, त्यावर सतरा पुस्तकं पानं फाकवून उभी केली आणि वर पंखा पाचवर. आई दोनदा म्हणाली की एवढी काळजी तू कधी पापडांची नाही घेतलीस. झालं असं की माळ्यावरचा जो कोपरा बाहेरच्या भिंतीला लागून आहे तिथे यंदा ओल आली, आणि नेमकं तिथेच माझं भटकंतीच्या पुस्तकांचं खोकं होतं. कादंबऱ्या सगळ्या काचेच्या कपाटात, ठणठणीत कोरड्या. जी बिचारी आधीच सॅकमध्ये चेपून, वडापावच्या तेलाचे डाग अंगावर घेऊन घरी आलेली, तीच परत भिजली.

तर वाळवता वाळवता एकेक चाळत बसले आणि एक जुनं दुखणं परत वर आलं, ते इथे लिहून टाकते.

आमच्यासारखे लोक, म्हणजे शनिवारी ऑफिस सुटल्यावर घरी येऊन दोन घास खाऊन रात्रीची शेवटची कर्जत नाहीतर कसारा लोकल पकडणारे, किंवा भरती-ओहोटीच्या वेळा बघून शिवडीला फ्लेमिंगो बघायला जाणारे, किंवा फोर्टमध्ये लंच टाइमला डबा पाच मिनिटांत संपवून जुन्या बिल्डिंगांवरच्या पाट्या वाचत हिंडणारे, आम्हाला पुस्तक वापरायचं असतं हो. आणि मराठीत भटकंतीवर, पक्ष्यांवर, इतिहासावर इतकं सुंदर लिहिलं गेलंय, पण बहुतेक पुस्तकांना मागे सूची, म्हणजे कुठली गोष्ट कुठल्या पानावर ते सांगणारी यादी, नसते! तीनशे-चारशे पानं, त्यात कुठेतरी लेखकाने सांगितलेलं असतं की अमुक गडावर पिण्याचं पाणी कुठल्या टाक्यात मिळतं, आणि ते वाक्य मी रात्री अकराला देवळाच्या ओसरीवर टॉर्च तोंडात धरून शोधलंय. सापडलं नाही ते वेगळंच. नकाशा असलाच तर पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि खाली बारीक अक्षरात 'नकाशा प्रमाणबद्ध नाही'. अरे मग छापलात कशाला?

असो. या सतरांत एक पुस्तक आहे ज्याला सूची आहे, पण ती छापलेली नाही.

फाउंटनच्या फूटपाथवर घेतलं होतं, बरीच वर्षं झाली, ऐंशी रुपये सांगितले आणि मी घासाघीस न करता दिले कारण मागचं पान बघितलं होतं. जुनं किल्ल्यांचं पुस्तक, पहिलं पान फाडलेलं, त्यामुळे आधीचा मालक कोण ते कळायला मार्ग नाही. पण शेवटच्या दोन कोऱ्या पानांवर त्याने (की तिने, पण मी कायम 'आजोबा' म्हणते) पेन्सिलीने बारीक अक्षरात स्वतःची सूची केलेली. अशी:

टाकी – 41, 77, 112 (पिण्याजोगे फक्त 77).
देवळात मुक्काम – 90.
गावात जेवण – 38, 90 (आधी सांगणे).
वाट चुकते – 63.

'वाट चुकते' हे सूचीत येऊ शकतं हे मला तोवर सुचलंच नव्हतं. आणि त्याखाली, 'कल्याण स्टँड. जुन्नर गाडी, सकाळची. कंडक्टरला आधीच सांगणे, वैशाखरेच्या पुढे उतरणार. नाहीतर थेट माळशेज.' आणि कडेला उभं लिहिलेलं, 'ब्राह्मी! अक्षरं उतरवून नेणे.'

या एवढ्या चिठोऱ्यावर मी नाणेघाट केला. मावसभाऊ आणि त्याची आठ वर्षांची लेक बरोबर. कंडक्टरला आधीच सांगितलं, त्याने मान हलवली आणि तरी थोडं पुढेच उतरवलं, तेवढं मागे चालत आलो. नाणेघाट म्हणजे कोकणातून जुन्नरला चढणारी सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट, दोन हजार वर्षांपूर्वीची. वर घाटाच्या तोंडाशी कातळात खोदलेली खोली आहे आणि तिच्या भिंतींवर राणी नागनिकेचा लेख, ब्राह्मी लिपीत. कुठले यज्ञ केले, कोणाला किती गायी, घोडे, हत्ती, किती कार्षापण (तेव्हाची नाणी) दिले त्याची भलीमोठी यादी, आणि रकमा चक्क आकड्यांत. भारतातल्या अंकांच्या इतिहासात या भिंतींना मान आहे तो त्यामुळे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे कोरलेले होते, ते आता गेलेत, वर नावं तेवढी उरलीत. आजोबांचं ऐकून मी ब्राह्मीच्या तक्त्याची झेरॉक्स नेली होती. क म्हणजे अधिकचं चिन्ह. ग म्हणजे उलटा व्ही. ठ म्हणजे नुसता गोल, त्यात टिंब दिलं की थ. हे पोरीला सांगितलं आणि पुढचा पाऊण तास ती भिंतीपासून हलेना, 'आत्या अजून एक क, आत्या इथे पण क'. मग वर तो दगडी रांजण बघितला. जकातीची नाणी त्यात टाकायचे असं सगळेच सांगतात, तिने विचारलं की मग संध्याकाळी ती बाहेर कशी काढायचे, आत उतरून? तिच्या बाबाने सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या लेखाबद्दल नीट वाचायचं तर वा. वि. मिराशींचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरचा ग्रंथ आहे मराठीतच, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचा. वाचायला सोपा नाही, मी सरळ सलग वाचलेला नाही. पण जाऊन आल्यावर आपल्या भिंतीपुरती पानं वाचली ना, तर डोळ्यासमोर भिंत असते, मग जड जात नाही. जायच्या आधी वाचलं असतं तर झोपले असते.

मला वाटतं अशा पुस्तकांची खरी गंमत हीच, ती दोन हप्त्यांत वाचायची. आधी थोडं, म्हणजे जावंसं वाटेल इतपत, आणि उरलेलं आल्यावर पाय गरम पाण्यात सोडून. गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची, किल्ल्यांवरची पुस्तकं पहिल्या हप्त्याची. दहा पानं वाचली की सॅक खाली काढावीशी वाटते. गॅझेटियर दुसऱ्या हप्त्याचं.

गॅझेटियर हा प्रकार ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी, इंग्रजांनी जिल्ह्याजिल्ह्यांची माहिती जमवून जाडजूड खंड काढले, मुंबई इलाख्याचं हे काम जेम्स कॅम्पबेल या अधिकाऱ्याच्या हाताखाली झालं. ठाणे जिल्ह्याचे खंड 1882 चे, त्यातला एक तर फक्त गावं, किल्ले, लेणी, देवळं यांचा, अकारविल्हे, म्हणजे पुस्तकच सूचीसारखं! नेटवर फुकट आहेत. लिहिलं राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी, त्यामुळे मधूनच एतद्देशीय लोकांबद्दल असं काही वाक्य येतं की कपाळात आठी पडते. पण 1818 साली पेशवाई बुडाल्यावर कॅप्टन डिकिन्सन किल्ले तपासत हिंडला होता, त्याच्या नोंदी त्यात आहेत, आणि ज्या बुरुजावर आपण काल पोहे खाल्ले तो तेव्हा कोणत्या अवस्थेत होता हे वाचायला मजा येते.

माहुलीचं पान मी असंच आल्यावर वाचलं. आसनगावला उतरून जायचं, ठाण्याहून लोकलने, म्हणजे मुंबईकराला यापेक्षा सोपा मोठा किल्ला नाही, आणि तरी तिथे आम्ही चुकलो. पायथ्याच्या जंगलात ओढा ओलांडल्यावर दोन ढोरवाटा फुटतात, त्यातली चांगली दिसणारी धरली आणि तासभर कारवीच्या झुडपांत. कारवी इतकी दाट की पुढचा माणूस आवाजावरून कळत होता. शेवटी खाली येऊन परत सुरू केलं. घरी येऊन आजोबांचं पुस्तक काढलं, पान 63 उघडलं. माहुली. मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं, मी बघितलं नव्हतं, आणि निजामशाही वाचवायची शहाजीराजांची धडपड 1636 साली याच गडावर संपली हे भावाला ओढ्याकाठी झोकात सांगत बसले होते.

पुस्तक घेऊन जावं आणि जागेवर ताडून बघावं याचं दुसरं उदाहरण अगदी शहरातलं. धारावीत डेपोच्या जवळ काळा किल्ला आहे. रोज हजारो लोक त्याच्या नावाच्या स्टॉपवर उतरतात आणि किल्ला कुठाय विचारलं तर हसतात. झोपड्यांच्या, भंगाराच्या मधे दडलाय. बऱ्याच ठिकाणी छापलेलं असतं की हा जेराल्ड आँजियरने बांधला. आँजियर गव्हर्नर होता तो 1677 पर्यंत. आणि किल्ल्याच्या भिंतीतला दगड काय सांगतो? जॉन हॉर्न, मुंबईचा गव्हर्नर, याच्या हुकमाने बांधला, 1737. साठ वर्षांचा फरक! मी त्या दगडाखाली उभी राहून, नाकाला रुमाल लावून, आकडा दोनदा वाचला. 1737 म्हणजे मराठ्यांनी वसईची मोहीम काढून ठाणं आणि साष्टी घेतली ते साल. खाडीच्या पलीकडे कालपर्यंत पोर्तुगीज होते आणि आज मराठे. माहीमच्या खाडीवर इंग्रजांना घाईने तट का उभारावासा वाटला असेल ते त्या सालात बसतं, आँजियरच्या सालात बसत नाही. अर्थात आधी तिथे काही छोटं ठाणं असेलही, त्यात मी पडत नाही. पण दगड तिथे आहे, वाचता येतो, आणि तरी पुस्तकं एकमेकांवरून उतरवत बसतात. (वॉचमन असल्यासारखे एक काका आले आणि म्हणाले, मॅडम, सर्व्हेवाल्या का? धारावीच्या पुनर्विकासाच्या सर्व्हेमुळे तिकडे हा प्रश्न गमतीचा नव्हता, मी पटकन नाही म्हटलं.)

पक्ष्यांचं मी थोडक्यात आवरते कारण त्यात मी कच्ची आहे. सलीम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 साली आपल्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) काढलं आणि पुढे त्याच्या नव्या आवृत्त्या निघत गेल्या. माझी प्रत सगळ्यात जास्त भिजलीय, चित्रांचा गुळगुळीत कागद एकमेकांना चिकटून बसलाय, सुरी घालून एकेक पान सोडवतेय. तांबटाच्या चित्राचा डोळ्याजवळचा पिवळा रंग निघून समोरच्या पानाला लागला. पण तांबट मला चित्राने कधी सापडलाच नव्हता. मुलुंडला आमच्या मागच्या पिंपळावर सकाळपासून टुक टुक टुक चालायचं, मला वाटायचं कुणाचंतरी प्लंबिंगचं काम चालू आहे, किती दिवस, सोसायटीत तक्रार करायच्या बेतात होते. मग पुस्तकात वाचलं की तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखा आवाज, म्हणून नाव तांबट. चिमणीएवढा पक्षी! वाळक्या फांदीला भोक पाडून राहतो. सेक्रेटरीला फोन केला नाही ते बरं झालं.

आणि ज्यांना कुठेच जायचं नाहीये, गुडघे, ऑफिस, लहान बाळ, जे काही असेल, त्यांनी दुर्गाबाई भागवतांचं ऋतुचक्र घ्यावं आणि फक्त चालू मराठी महिन्याचं प्रकरण वाचून खिडकीत उभं राहावं. बास.

संध्याकाळपर्यंत बरीचशी पुस्तकं वाळली. वेडीवाकडी झालीत, काहींचं बाईंडिंग उसवलंय, पण वाळली. शेवटी आजोबांचं किल्ल्यांचं पुस्तक उचललं आणि भीत भीत मागचं पान बघितलं. त्यांच्या सूचीखाली मी गेली कित्येक वर्षं माझी भर घालत आले होते, गाड्यांच्या नव्या वेळा, कोणत्या गावात कोणाकडे जेवण मिळतं, रांजणापाशी माकडं डबा पळवतात, वगैरे, सगळं जांभळ्या जेल पेनने, छान दिसतं म्हणून. त्याचा आता एक जांभळा ढग झालाय. एक अक्षर लागत नाही. आणि त्याच्या वर आजोबांची पेन्सिल, जशीच्या तशी. टाकी, मुक्काम, जुन्नर गाडी, ब्राह्मीनंतरचं उद्गारचिन्हसुद्धा.

आईकडे दूधवाल्याच्या हिशेबाची पेन्सिल असते, कॅलेंडरला दोऱ्याने बांधलेली. ती सोडवून आणली, सेलोटेप लावून एक नवा कागद मागे चिकटवला आणि आठवेल तसं परत लिहायला बसले. पहिली ओळ, 'वाट चुकते – 63. अजूनही चुकते. ओढ्यानंतर खराब दिसणारी वाट धरणे.'