कपाटामागची ओल

गेल्या वर्षी आषाढात, आमच्या बेळगावच्या वडगावातल्या मंगाईदेवीच्या यात्रेच्या आदल्या दिवशी, फॉल-पिकोला आलेली एक साडी काढायला मी मागच्या खोलीतलं कपाट उघडलं. गिऱ्हाइकाची साडी वरच्या कप्प्यात पिशवीत होती, ती ठीक होती. खालच्या कप्प्यात सासूबाईंच्या लग्नातली शहापुरी साडी होती. तिची घडी उचलली तर काठावर राखाडी-हिरवी भुकटी. बोट लावलं की बोटाला येणारी. आणि पावसात पडून राहिलेल्या गोणपाटासारखा कुबट वास. मी साडी बाहेर काढली, कपाटाच्या पाठीच्या फळीवर हात ठेवला, तर फळी मऊ लागली.

सासूबाई म्हणाल्या, "पाऊस हाय तवर वास येणारच की गं. बेळगावात हाय आपण." मीसुद्धा वीस वर्षं तेच म्हणत आले होते. वडगावात पावसाळा म्हणजे चार महिने कपडे न वाळणं, मीठ पाझरणं, चपलांवर पांढरं येणं. त्यात नवीन काय?

नवीन एवढंच होतं की माझी धाकटी त्या खोलीत झोपायची आणि मृग लागल्यापासून रात्री खोकत होती. दिवसा शाळेत बरी, रात्री दोनच्या सुमाराला उठून बसायची, छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. डॉक्टरांनी दम्याचा पंप सुरू केला आणि औषधं लिहिता लिहिता विचारलं, "झोपायच्या खोलीत ओल आहे का हो?" मी नाही म्हणाले. खोटं बोलायचं नव्हतं, मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. साडी हातात आल्यावर ते उत्तर मला टोचायला लागलं.

आमच्या ह्यांनी मोबाईलवर शोधून घरातली बुरशी तपासणारे लोक बोलावले. दोघे आले. खोलीत तीन ठिकाणी काचेच्या झाकणाच्या बशा तासभर उघड्या ठेवल्या, झाकून घेऊन गेले. आठवड्याने फोटो आले. बशांमध्ये काळे, हिरवे, पिवळे ठिपके, खाली लाल अक्षरांत धोका. सोबत अंदाजपत्रक: सगळ्या घरात औषधाची धुरी, अडतीस हजार रुपये. तपासणीचे साडेसहा हजार आधीच घेतले होते. मी घाबरले. ते फोटो पाहून कुठलीही आई घाबरेल. भिंतीकडे मात्र त्यांच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं, कपाटही हलवलं नव्हतं. पैसे भरायच्या आधी मी पणजीला असलेल्या मावसबहिणीला फोन केला. गोव्यात ओल आमच्याहून कमी नाही. ती म्हणाली, "जो तपासतो तोच औषध मारतो, त्याला आधी थांबव." तिच्या ओळखीचा एक इंजिनियर फक्त तपासणीच करतो, दुरुस्ती घेत नाही. तो चोर्ला घाटातून गाडी घेऊन आला, भर पावसात.

त्याने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिला अर्धा तास तो घरात आलाच नाही. छत्री घेऊन बाहेरून फिरला. पन्हळीचं पाणी कुठे पडतं, गल्लीच्या गटारीपेक्षा आमचं जोतं किती उंच आहे, शेजाऱ्यांची भिंत कुठे चिकटते, गच्चीवर कोबा कुठे फुटलाय. मग आत बसून सासूबाईंना विचारलं, घर कधीचं, काय काय बदललं. मूळ भिंती जांभ्या दगडाच्या, वर कौलं होती, खानापूरची. नंतर कौलं काढून स्लॅब टाकला, भिंतींना सिमेंटचा गिलावा झाला, त्यावर प्लॅस्टिक पेंट. तो म्हणाला, "काकू, जुनी भिंत पाणी प्यायची आणि वाफ करून सोडायची. तुम्ही तिला रेनकोट घातलात. आत गेलेलं पाणी आता आतच."

हे मला पटलं, कारण सासूबाईंच्या माहेरी, जांबोटीच्या बाजूला, पाऊस आमच्याहून कितीतरी जास्त. तरी त्या घराच्या माळ्यावरच्या गोधड्यांना कधी असा वास आला नाही. चूल दिवसभर पेटलेली, कौलांतून वारा खेळता, दर वर्षी दिवाळीआधी चुन्याचा हात. चुना इतका तिखट की त्याच्यावर बुरशी सहसा धरत नाही. आम्ही ते सगळं काढून टाकलं आणि खिडक्यांना सरकती काच बसवली.

मग त्याने कपाट ओढायला लावलं. मागची भिंत बघून मी खालीच बसले. कमरेपासून खाली काळसर डाग, फणसाएवढे, त्यांच्या कडा मखमलीसारख्या. त्याने खिशातून एक छोटं यंत्र काढलं, पुढे दोन सुया. गिलाव्यावर टेकवलं की आकडा. कोरड्या भिंतीवर आधी लावलं: १२, १३, १२. "हा तुमच्या घराचा कोरडा आकडा. यंत्र लाकडासाठी बनवलंय, त्यामुळे भिंतीतल्या पाण्याचे खरे टक्के हे नव्हेत. एका जागेची दुसरीशी तुलना करायची, बस." मग वीत-वीत अंतरावर सुया टेकवत गेला आणि प्रत्येक आकडा तिथल्या तिथे खडूने भिंतीवरच लिहीत गेला. अर्ध्या तासात भिंत आकड्यांनी भरली. मी मागे उभी राहून बघत होते आणि मला एकदम दिसलं. ब्लाऊजच्या कापडावर कापायच्या आधी खुणा करतो ना, तसा आकार होता तो. डाव्या कोपऱ्यात साडेचार फुटांवर ३८, तिथून उजवीकडे खाली उतरत ३४, २९, २२, आणि जमिनीलगत उजव्या टोकाला १५.

"जमिनीतून ओल चढली असती तर खाली सगळीकडे सारखी असती आणि वर जाता जाता कमी झाली असती, आडव्या पट्ट्यासारखी," तो म्हणाला. "इथे उलटं आहे. पाणी वरून येतंय, त्या कोपऱ्यातून. भिंतीपलीकडे काय आहे?"

पलीकडे न्हाणी. आणि त्या कोपऱ्यातून गच्चीवरच्या सोलरचा गरम पाण्याचा लोखंडी पाईप भिंतीत गाडून खाली आणलेला. त्याने न्हाणीतला गरम नळ दहा मिनिटं चालू ठेवायला सांगितला आणि भिंतीसमोर उष्णता दाखवणारा कॅमेरा धरला. निळ्या भिंतीवर पाईपची पिवळी रेघ उमटली आणि साडेचार फुटांवर त्या रेघेला फांदी फुटली. पिवळा डाग हळूहळू पसरत खाली उतरला. धाकटी शेजारी उभी होती, ती म्हणाली, "मम्मी, भिंतीला ताप आलाय." कॅमेऱ्याला बुरशी दिसत नाही हे त्याने दोनदा बजावलं. त्याला फक्त गरम-थंड कळतं, त्यावरून पाण्याचा माग काढायचा.

मी त्याला हवेच्या तपासणीबद्दल विचारलं. त्या बशांचे फोटो दाखवले. तो हसला नाही, याचं मला बरं वाटलं. म्हणाला, बुरशीचे बीजकण सगळीकडे असतात, ही बशी तुम्ही मंगाईच्या देवळासमोर उघडी ठेवलीत तरी ती भरणार. हवेचा नमुना नीट घ्यायचा तर पंपाने मोजून हवा ओढतात, मिनिटाला पंधरा लिटर, पाच मिनिटं, म्हणजे पंचाहत्तर लिटर, एका चिकट काचेवर. आणि घरातल्या नमुन्याबरोबर त्याच वेळी घराबाहेरचाही घ्यावा लागतो, कारण घरातल्या आकड्याला बाहेरच्या आकड्याशिवाय अर्थच नाही. असा धो-धो पाऊस चालू असताना बाहेरचा नमुना भरवशाचा नसतो, म्हणून तो घेणार नव्हता. "आणि घेऊन करणार काय? बुरशी डोळ्यांना दिसतेय. किती कण म्हणजे सुरक्षित अशी सर्वमान्य मर्यादाच नाही." हे मी नंतर स्वतः वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही अशी मर्यादा दिलेली नाही. ओल होऊ देऊ नका आणि झाली तर हटवा, हाच त्यांचा भर. अमेरिकेचं पर्यावरण खातंही तेच सांगतं: बुरशी दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुन्यांची गरज नाही.

माझ्या आग्रहाखातर त्याने पारदर्शक चिकटपट्टी डागावर दाबून एक नमुना प्रयोगशाळेला पाठवला. उत्तर आलं: क्लॅडोस्पोरियम, आणि ॲस्परजिलस-पेनिसिलियम गटातली बुरशी. शेवटची दोन नावं एकत्र लिहितात कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे कण वेगळे ओळखता येत नाहीत. कागद मी डॉक्टरांना दाखवला, त्यांनी फाईलला लावला. पाईपचं काम नावामुळे बदललं नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना उपयोगी पडेल. पुढच्या खोलीत भिंतीवर पांढरा कापूस फुटला होता, मी ती बुरशीच समजत होते. त्याने बोटाने पाण्याचा थेंब लावला आणि तो कापूस विरघळला. तो लोणा, भिंतीतला क्षार. बुरशी पाण्याने विरघळत नाही. ओल दोन्हीकडे आहे, पण क्षारावर बुरशीचं औषध मारणं म्हणजे पैसे गटारीत.

खोलीच्या हवेचंही त्याने माप घेतलं. आर्द्रता ८८ टक्के. साठच्या खाली ठेवा, असं म्हणतात. पाईप नसता फुटला तरी त्या खोलीत मी दिवसभर वाफेची इस्त्री चालवत होते, दोरीवर ओले कपडे वाळत होते आणि कपाट भिंतीला चिकटवलेलं होतं. भिंत थंड, कपाटामागे वारा नाही, वाफ तिथेच जाऊन बसणार. हे माझ्या हातचं होतं आणि धाकटीच्या उशापासून ते सहा फुटांवर होतं. ते मनातून जात नाही.

प्लंबरने पाईपची दोन्ही तोंडं बंद करून दाब दिला, काटा दहा मिनिटांत खाली आला. भिंत फोडली. "नोड्री, बघा वहिनी, पैप आतनं सडलाय," म्हणत त्याने गंजलेला वीतभर तुकडा माझ्या हातात दिला. टाचणीच्या डोक्याएवढं भोक. गरम पाण्याचा नवा प्लॅस्टिकचा (सीपीव्हीसी) पाईप आता भिंतीबाहेरून नेलाय, दिसायला वाईट, पण दिसतो.

डाग खरवडायची घाई केली नाही. कोरडं घासलं की कण घरभर उडतात. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, एन-९५ मास्क, हातमोजे, आणि साबणाच्या पाण्याने ओलं करून पुसणं. ओल्या भागापलीकडे फूटभर जास्त गिलावा काढला. कपाटाची मागची फळी फेकून दिली, मऊ झालेलं लाकूड पुसून सुधारत नाही. धुरी मारली नाही. मेलेले कणही भिंतीवर राहिले तर ॲलर्जी करतातच.

खरं भांडण झालं ते रंगावरून. गणपती तीन आठवड्यांवर, बेळगावात गणपतीआधी रंग नाही म्हणजे काय? आमचे हे रंगाऱ्याला सांगूनही आले होते. मी नाही म्हणाले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यांतल्या आमच्या एका नात्यातल्यांनी महिन्याभरात रंग देऊन टाकला होता. पुढची तीन वर्षं त्यांच्या भिंती पोपडे टाकत होत्या आणि पोपड्याखाली काळं. गणपती पुढच्या खोलीत बसले, मागची भिंत उघडी दगडाची राहिली. आरतीला आलेली माणसं डोकावून जात होती. मी सुयांचं यंत्र विकत घेतलं होतं, दर सोमवारी आकडा खडूने लिहायचे. ३१. २७. २२. दसऱ्याला १७. तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात १३ आला, तेव्हा गवंड्याला बोलावलं. चुन्याचा गिलावा, वर चुन्याचाच हात.

सासूबाईंची साडी ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर चार दिवस ठेवली, बाहेरच मऊ ब्रशने झाडली. वास गेला. काठावर तीन डाग राहिले, ते जात नाहीत. सासूबाई म्हणाल्या, राहू देत. गिऱ्हाइकांचं कापड आता पुढच्या खोलीत पत्र्याच्या कपाटात असतं, भिंतीपासून चार बोटं लांब.

धाकटीचा पंप अजून आहे, दमा एकट्या बुरशीमुळे होत नाही असं डॉक्टर म्हणतात. पण या जूनमध्ये ती रात्री दोनला उठलेली नाही. काल यात्रा होती, दिवसभर पाऊस. संध्याकाळी इस्त्री बंद करून, पंखा लावून आर्द्रता बघितली, ७१ होती. अजून जास्तच आहे. ओले कपडे वाळवायला गच्चीवर पत्र्याची शेड घालायचं ठरवलंय, सुताराला रविवारी बोलावलंय.